टिळकांच्या घरातलं वेगळं स्वयंपाकघर

आजचं वाचन : १ करिंथकरांस ७:१२–१६



आजचा शास्त्रभाग लग्नाबद्दल आहे, त्यामुळे ज्यांची लग्नं व्हायची आहेत ते तो भरभर वाचून पुढे जातात. मीसुद्धा कित्येक वर्षं तेच केलं. पण थोडं थांबून वाचलं तर लक्षात येतं की पौल इथे फार अवघड जागी हात घालतोय. करिंथ शहरात अशी घरं होती जिथे नवरा-बायकोपैकी एकच जण विश्वासात आला होता. आता काय करायचं? घर मोडायचं? पौल सांगतो की समोरचा माणूस सोबत राहायला तयार असेल तर तुम्ही त्याला सोडू नका. आणि सोळाव्या वचनात तर तो एक प्रश्न विचारून गप्पच बसतो. तुमच्यामुळे त्या माणसाचं तारण होईल की नाही, हे तुम्हाला काय ठाऊक? हमी काहीच देत नाही.

आपल्यापैकी बरेच जण असेच राहतात. पीजीमध्ये चार जणींत एकटीच प्रार्थना करणारी. ऑफिसात गणपतीची आरती सुरू झाली की उठून पाणी प्यायला जावं की मागे उभं राहावं, या विचारात अडकलेला. घरी कुणालाच न सांगता उशीखाली नवा करार ठेवणारा. लोक दोन टोकांचे सल्ले देतात. एक म्हणतात, तोडून टाका. दुसरे म्हणतात, एवढं काय मनावर घ्यायचं, सगळं सारखंच.

या दोन्ही टोकांना न गेलेल्या एका माणसाबद्दल आज लिहायचं आहे. त्यांची गाणी तुम्ही रविवारी गाता. ‘उपासना संगीत’ उघडलंत तर पानोपानी त्यांचं नाव दिसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत त्यांची ओळख फुलामुलांचे कवी म्हणून झाली असेल, पण आज आपल्याला कवितेत जायचं नाही. त्यांच्या घरात जायचं आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण कुटुंब, वडील कडक, रागीट. आई लवकर गेली आणि पोरगा घर सोडून नाशिकला आला. तिथे संस्कृत शिकला, कविता करू लागला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचं सासरचं नाव लक्ष्मी. तिच्या माहेरी सोवळ्याचा इतका अतिरेक होता की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची सोय नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

संसार म्हणाल तर धड एका जागी कधी झालाच नाही. टिळक आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तनकार, परवा आणखी कुठे. मनात आलं की घर सोडून निघून जायचे आणि बायको नातेवाइकांकडे राहायची. हातात पैसा टिकत नसे, राग नाकावर असे. मी हे मुद्दाम सांगतोय. आपण देवाच्या माणसांच्या गोष्टी सांगताना त्यांना फार लवकर चौकटीत बसवून हार घालतो.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचं बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावर. त्या गृहस्थांनी आधी टिळकांच्या आवडीच्या गोष्टी ऐकून घेतल्या, नीट, मान देऊन. मग धर्माचा विषय निघाला. उतरण्याआधी त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, रोज थोडा वाचायचं वचन घेतलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांना हे भाकीत अजिबात पटलं नाही. पण वचन दिलं होतं म्हणून वाचायला बसले. सुरुवातीला आवडलं नाही. मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना.

या प्रसंगात अविश्वासी कोण होता? टिळकच. पुढे आयुष्यभर टिळक दुसऱ्यांशी ज्या रीतीने वागले, ती रीत त्यांनी आधी स्वतःवर अनुभवली होती. मला तर वाटतं की त्या प्रवासात संस्कृत काव्यावरची चर्चा झाली नसती तर पुस्तक खिडकीतून बाहेर गेलं असतं!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आणि लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. नवऱ्याच्या डोक्यात काही शिजतंय अशी शंका त्यांना असणारच, पण तो दिवस त्यांना विचारून ठरला नव्हता. बातमी नंतर, नातेवाइकांमार्फत आली. त्या काळातल्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता ते आज आपल्याला नीटसं कळणार नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालणार नाही. त्याच्याकडे गेलं तर माहेर, सासर, जात, सगळं तुटणार. नाही गेलं तर जिवंत नवऱ्याची बायको असून लोकांच्या दारात दिवस काढायचे. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं, पंढरपूरला नेलं. तिथे त्यांनी रडून रडून दिवस काढले आणि त्याच दुःखात कविता जुळवायला लागल्या. लिहिणं-वाचणं जेमतेम येत होतं. जे यायचं तेही टिळकांनीच शिकवलेलं.

इथे मला टिळकांची बाजू घेता येत नाही. प्रभूच्या मागे जाण्याआधी घरच्यांची परवानगी लागते असं मी म्हणत नाही. शिष्य जाळी टाकून गेले, हे आपण वाचतोच. पण बायकोला ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळावी, यात विश्वासापेक्षा भीतीच जास्त असावी असं वाटतं. आपल्यातही हे होतं. आईला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तिला आपली गोष्ट बाहेरून, कुणाच्या तरी मोबाइलवरच्या फोटोतून कळते. मग ती चिडते आणि आपण म्हणतो, बघा, माझा छळ होतोय. छळ असेलही. पण तिचा राग ख्रिस्तावर आहे की आपण लपवलं यावर आहे, हेही एकदा प्रामाणिकपणे तपासावं.

पुढचा भाग मात्र वेगळा आहे.

त्या काळी एक कायदा होता, १८६६ चा, धर्मांतर केलेल्या हिंदी माणसांच्या विवाहाबद्दलचा. जोडीदाराने धर्माच्या कारणावरून सहा महिने सोबत राहायचं नाकारलं तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाता येत असे. कोर्ट आणखी एक वर्ष थांबायला लावी आणि तरीही समोरचा आला नाही तर विवाह रद्द करी. म्हणजे टिळकांना दीड-दोन वर्षांत कायद्याने मोकळं होता आलं असतं. वय तेहतीस-चौतीस. दुसरं लग्न करून नवा ख्रिस्ती संसार थाटणं त्यांना अवघड नव्हतं, आणि त्यांच्या नव्या समाजात त्याला कुणी नावंही ठेवली नसती.

त्यांनी ते केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. ही वाट पाहणं म्हणजे काही संतांचं शांत ध्यान नव्हतं. चिडचिड होती, रुसवे होते, मधल्या लोकांनी इकडचं तिकडे करून घातलेले घोळ होते. चार-साडेचार वर्षं असंच चाललं. आज आपल्याला व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या रेघा दिसल्या आणि उत्तर आलं नाही की संध्याकाळ खराब होते.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या. टिळक तेव्हा तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. पण त्या आल्या त्या हिंदू म्हणूनच, पूर्ण सोवळ्यानिशी. त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळं, त्यांची शिवाशिव वेगळी. ख्रिस्ती पाळकाच्या व्यवसायात पडलेल्या माणसाच्या घरात त्याचीच बायको त्याच्या स्पर्शाचा विटाळ मानते आहे! शेजारपाजारच्या ख्रिस्ती मंडळींना काय वाटलं असेल, कल्पना करा. आपल्या एखाद्या सेल ग्रुपमध्ये असं असतं तर आपणच त्या भावाला बाजूला घेऊन चार गोष्टी सुनावल्या असत्या.

टिळकांनी तिला तसं राहू दिलं. तिच्या चुलीवर हक्क सांगितला नाही. स्वतः प्रार्थना सोडली नाही, उपासना सोडली नाही, घरात ख्रिस्ताचं नाव घेणं थांबवलं नाही. आपण कोण आहोत हे त्यांनी लपवलं नाही, आणि ती कोण आहे ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या तर किती ताकद लागते, हे ज्याच्या घरी हा प्रकार आहे त्यालाच कळेल.

आमच्या घरी आहे. आई विश्वासात आली तेव्हा मी नववीत होतो. बाबा अजून आलेले नाहीत. दर रविवारी ते तिला स्कूटरवरून मंडळीच्या दारापर्यंत सोडतात, समोरच्या टपरीवर चहा घेतात, पेपर वाचतात आणि उपासना सुटली की दोघं भाजी घेऊन घरी येतात. देवघरातली पूजा बाबाच करतात. आईने त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही आणि स्वतः हातही जोडले नाहीत. लहानपणी मला वाटायचं की आई जरा जास्तच गप्प राहते. आता वाटतं, ती गप्प नव्हती. ती रोज पहाटे पाच वाजता बाबांचं नाव घेऊन बोलत होती, फक्त आमच्याशी नाही.

तर लक्ष्मीबाई. त्यांचं मन बदललं ते नवऱ्याच्या प्रवचनाने नव्हे. कुटुंब राहुरीला असताना त्या स्वतःशीच विचार करत होत्या की या जाती केल्या कुणी? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत जन्मतःच काही खूण दिसली असती. ती तर कुठेच दिसत नाही. म्हणजे हे माणसानेच केलेलं. ज्या मुलीच्या माहेरी बाजारातली वस्तू धुवून घेत, तिने ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आधी सोवळं गेलं, मग हळूहळू बाकीचं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सगळ्या प्रवासाबद्दल त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलं आहे, आणि तेही हसतहसत, नवऱ्याच्या खोड्या काढत. वाचलं नसेल तर या सुट्टीत नक्की वाचा.

सावधपणे एक सांगतो. लक्ष्मीबाई विश्वासात आल्या, म्हणून टिळकांचं थांबणं सार्थकी लागलं, असा हिशेब मी मांडत नाहीये. पौलाचा प्रश्न आठवा. तुम्हाला काय ठाऊक? त्या आल्या नसत्या तरी टिळक त्या वेगळ्या स्वयंपाकघरासकटच राहिले असते, निदान ते राहत होते तेव्हा पुढचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. आपण मैत्री करतो आणि मनात सहा महिन्यांचं टार्गेट ठेवतो. तो मित्र प्रार्थनेला आला नाही की आपला उत्साह मावळतो. समोरच्याला हे कळतं हो. आपण त्याचा प्रोजेक्ट आहोत, हे माणसाला लगेच कळतं.

टिळकांच्या घरात पुढे आणखी एक मुलगा येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. हेच आपले बालकवी. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे सतरा वर्षांच्या या पोराची कविता ऐकून सगळे थक्क झाले, आणि टिळकांनी त्याला जवळ केलं. नगरला तो टिळकांच्या घरी राहिला, दत्तूच्या भावासारखा. लक्ष्मीबाई त्याच्या आईच झाल्या. ज्या घरात रोज ख्रिस्ताची भजनं चालत, त्या घरात हा हिंदू मुलगा रुसायचा, लिहायचा, वाढायचा. तो ख्रिस्ती झाला नाही. शेवटपर्यंत नाही. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा अपघाती मृत्यू झाला, वय तिशीच्या आतलं. टिळकांच्या घराला घरातलंच मूल गेल्याचा धक्का बसला.

म्हणजे एकाच घरात दोन माणसं. एक आली, एक नाही. प्रेमात फरक दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, मग टिळक सगळ्यांशी गोड वागणारे, कुठेच ठाम नसणारे गृहस्थ होते का? तर नाही. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, नगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकवलं, ‘ज्ञानोदय’चं संपादन केलं. येशू हाच प्रभू, यात त्यांनी तडजोड केल्याचं कुठे दिसत नाही. जात सोडताना जे गमवावं लागलं ते त्यांनी गमावलं. पण ख्रिस्ती झालं म्हणजे धोतर सोडून पाटलोण घालायची, मराठी सोडून इंग्रजी सुरावटीत गायचं, देशावर प्रेम करायचं नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. ते कीर्तनाला उभे राहत, अभंग रचत. तुकोबांवरचं प्रेम त्यांनी लपवलं नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. त्यामुळे हिंदू शेजारी त्यांचं कीर्तन ऐकायला बसत आणि काही मिशनरी मात्र अस्वस्थ होत! काय सोडायचं आणि काय ठेवायचं, याची यादी त्यांनी दुसऱ्याकडून आयती घेतली नाही. स्वतः प्रभूपुढे बसून केली. ऑफिसातल्या आरतीबद्दल मला जे विचारतात, त्यांना मी एवढंच सांगतो की प्रसादाचा द्रोण नाकारण्याआधी, द्रोण देणाऱ्या ताईचं नाव तुम्हाला माहीत आहे का ते बघा. तिच्या मुलाची परीक्षा कशी गेली ते विचारलंत का? मग नाकारलात तरी तिला त्यात अपमान दिसणार नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन ख्रिस्ती संन्याशासारखे राहू लागले. तिथे त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. यावर वाद झाले, आजही होतात. बाप्तिस्म्याला दुय्यम ठरवलं का? मंडळीची भिंत पातळ केली का? मला स्वतःला ही गोष्ट पूर्ण पटलेली नाही, खरं सांगतो. पण ती कुठून आली असेल ते कळतं. ज्या माणसाने पत्नी येशूकडे पाहते आहे आणि अजून पाण्यात उतरलेली नाही, अशी वर्षं तिच्या जवळ बसून काढली, त्याला दारात उभ्या असलेल्या माणसांना बाहेरचे म्हणणं जड जात असणार.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईला जे. जे. हॉस्पिटलमध्ये टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दफन न करता अग्नी दिला. ख्रिस्ती पाळकाचं असं दहन तेव्हा नवलाचंच होतं.

येशूच्या जीवनावर मराठी ओव्यांत एक मोठा ग्रंथ त्यांनी हाती घेतला होता, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे काही अध्याय लिहून झाले होते, बाकी तसंच राहिलं. मग जिला धड लिहिता येत नव्हतं, जी नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून पंढरपुरात रडत बसली होती, ती म्हातारपणी लिहायला बसली. साठाहून जास्त अध्याय एकट्या लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हाही थोडं उरलं होतं. ते दत्तूने पूर्ण केलं.

उद्याचं वाचन : १ करिंथकरांस ७:१७–२४